हसनची काठी, माझी बोटं

हसन, तुझ्या मय्यतीला मी सगळ्यात मागच्या रांगेत उभा होतो. डोक्याला रुमाल बांधला होता. असा रुमाल बांधला की तू मला गवत कापायला निघालेली बाई म्हणायचास. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

नमाज सुरू व्हायच्या आधी तुझा इरफान पुढं आला. म्हणाला, "माझ्या अब्बांनी कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाशी वाकडं वागले असतील, तर अल्लासाठी माफ करा. कुणाचं काही राहिलं असेल तर मला सांगा." लोक म्हणाले, "माफ केलं, माफ केलं." मीपण ओठ हलवले. मग मनात आलं, हे उलटं का नाही विचारत कुणी? ज्यानं हसनचं मन दुखावलं त्यानं आता तोंड उघडावं, असं का नाही म्हणत? म्हटलं असतं तर तिथं तीनशे माणूस उभा होता आणि बोलायचं होतं मला एकट्याला. इरफान घटकाभर थांबला. मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

चौदा दिवस झाले. मी रोज संध्याकाळी साडेपाचला बंदरावरच्या आपल्या कट्ट्यावर जाऊन बसतो. तुझ्या जागेवर कुणी बसत नाही. मला वाटलं, लोक मान राखतात. मग कळलं, तिथं ऊन येतं. इतकी वर्षं तू उन्हाच्या बाजूला बसत होतास आणि मला सावलीत बसवत होतास, हे मला तू गेल्यावर कळलं. अशी अक्कल माझी.

घरी बोलायला कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. पोरं खारघरला चौदाव्या मजल्यावर. मला न्यायला बघतात, मी जात नाही. तिथून पाणी दिसत नाही असं सांगतो. दिसतं, चांगलं दिसतं. पण आपलंच पाणी खिडकीतून बघायचं म्हणजे काय? तर मी आणि तुझी रिकामी जागा, असे दोघं बसतो. खाडी भरते, खाडी उतरते. "आज चांद कितवा रे, तांडेल?" असं कुणी विचारत नाही. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू ज्याच्या हाती तो. होडी जाऊन अडतीस वर्षं झाली, तरी तू मला तांडेलच म्हणायचास. त्यात मान होता की टोमणा, हे मी तुला कधी विचारलं नाही.

मला राहून राहून आठवते ती लाओसची नदी.

गेल्या माघात तुझी नात सना फोन घेऊन आली होती. त्यात दिसत होती लांबच लांब लाकडी होडी, दोन दिवस नदीनं चालणारी, आणि तिच्यात पाठीवर बोजे घेतलेली गोरी पोरं. सनाला कॉलेजला सुट्टी होती, तिला तिथं जायचं होतं, आणि तुला तिच्याबरोबर.

"चल, तांडेल," तू म्हणालास. "काठी धरायची नाय, सुकाणू धरायचं नाय. नुसतं बसायचं."

"दुसऱ्याच्या हातात सुकाणू देऊन मी कधी बसलो नाय."

"म्हणून तर चल म्हणतो. एकदा बसून बघ."

माझ्या पोरांनी मला वेड्यात काढलं. शहात्तराव्या वर्षी पाठीवर पिशवी लावून परदेशात फिरणार! ते नको म्हणाले म्हणूनच मी हो म्हणालो, हे तुला ठाऊक होतं. विमान, मग आगगाडी, मग बस, मग पुन्हा बस. सना पुढं आणि आपण दोघं मागं, कर्नाळ्याच्या सहलीतली वाट चुकलेली पोरं चालावीत तसे. माझ्या बोज्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. तुझ्यात नमाजाची चटई आणि गुडघ्याला लावायचं तेल. तेल तू माझ्यासाठी घेतलं होतंस, तुझे गुडघे ठणठणीत होते.

ती होडी बघितली आणि माझा नूर पालटला. चढायच्या आधी चपला काढून पिशवीत घालायला सांगत होते. मी तुला कोपर मारलं, "बघ, रीत हाय यांना. होडीत चपला घालून चढत नाय." मी होडीच्या लाकडाला हात लावून कपाळाला लावला. तू बिस्मिल्ला म्हणालास. आत बसायला जुन्या मोटारीतल्या सीटा काढून नुसत्या मांडून ठेवल्या होत्या. इंजिन मागं, तांडेल अगदी पुढं, आणि त्याचा संसार होडीच्या शेपटाला: चूल, फुलाच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे. मी तास दोन तास त्याच्या प्रत्येक वळणावर तोंड घालत होतो. "डावीकडं घे रे. अरे, तिकडं खडक हाय, दिसत नाय?" तो बिचारा मागं वळून हसायचा. तू म्हणालास, "तांडेल, त्याला वाटतं तू गाणं म्हणतोस."

दुपारी मी भाकरी आणि जवळा सोडला. वास सुटला तशी शेजारची गोरी पोरगी नाकाला रुमाल लावून दुसरीकडं जाऊन बसली. पण मागून त्या तांडेलाची म्हातारी आई वास काढत आली. माझ्या डब्यातला जवळा बोटानं उचलून चाखला, डोळे मिटले, आणि एक टोपली चिकट भात आणून आपल्या पुढं ठेवला. तिला आपलं एक अक्षर कळत नव्हतं, आपल्याला तिचं. तिघांनी मिळून डबा पुसून खाल्ला. तू म्हणालास, "ही आपल्याच खाडीची. वाट चुकून इथं आली." इतका हसलो मी त्या दिवशी! तेवढा पुन्हा हसलो नाही.

मला एकच गोष्ट तिथं रुचली नाही. त्या नदीला भरती नाही. सकाळी बघावं, पाणी खाली चाललंय. दुपारी बघावं, खालीच. मी तुला म्हणालो, "हे काय पाणी! परत येतच नाय." आपल्या खाडीत एखाद्याची वल्ही हातातून सुटली तरी सहा तासांनी पाणीच ती माघारी आणून देतं. तू बराच वेळ त्या पाण्याकडं बघत बसलास. तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता ती जुनी गोष्ट. तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण हे तुझ्याशिवाय दुसऱ्यांनीही वाचायचं आहे.

खाडीचं पाणी चंद्रावर चालतं. अमावस्या-पुनवेला भरती बाराला, पुढं रोज पाऊण तास उशिरा. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहा, बारसीला नऊ, तेरसीला पावणेदहा. मी तिथी बोटांच्या पेरांवर मोजायचो, रोज एक पेर. चौथीपर्यंत शिकलेला मी, पंचांगातली कोष्टकं मला कळत नव्हती, आणि ते कुणाला विचारण्यापेक्षा आपली बोटं बरी. तू चांद दिसल्यापासून मोजायचास. तुझ्या चांदात दोन मिळवले की माझी तिथी, असा आपला ताळा. पंधरा वर्षं आपण एका मचव्यावर, माल वाहायच्या मोठ्या होडीवर होतो. मी सुकाणूवर, तू पुढं नाळेवर काठी घेऊन पाण्याची खोली सांगायला. पंधरा वर्षं ताळा जुळला. त्या दिवशी जुळला नाही.

मिठागरावरून मीठ भरलं होतं, काठोकाठ. तू म्हणालास, "तांडेल, आज चांद दहावा. म्हणजे बारस. भरती नऊला. सोडू आता."

"तेरस हाय. पावणेदहा."

"बारस."

"तांडेल कोण?" मी विचारलं.

"तू."

"मग तेरस."

तू काठी उचललीस आणि नाळेवर जाऊन बसलास. पाऊण तास आपण तसेच बसून राहिलो आणि मग सोडलं. खाडीच्या तोंडाशी चिखलाचा उंचवटा आहे, तिथं पोचेपर्यंत पाणी फिरलं होतं. तू पुढून ओरडत होतास, "तीन हात! अडीच! दोन! थांब, पाणी उतरतंय, मागं घे!" मी उत्तर दिलं, "काठी नीट लाव!" आणि तसाच पुढं रेटला. मचवा बसला. खाली कातळ होता. पाणी उतरलं तशी मिठाच्या वजनानं फळी उघडली, आणि पुढची भरती आली ती आतच आली. आपण चिखलातून कमरेइतके चालत बाहेर आलो. मीठ पाण्याला मिळालं. मचवा गेला.

मचव्याचा मालक काठावर उभा होता. त्यानं विचारलं, "कसं झालं?" तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, "काठी चुकली."

दोन शब्द, हसन. तू ते खाली मान घालून घेतलेस. मला वाटलं, तू भांडशील. भांडला असतास तर मी आवाज चढवला असता आणि कदाचित त्या आवाजात खरं पण निघून गेलं असतं. पण तू चिखलाचे पाय धुतलेस आणि घरी गेलास.

चार दिवसांनी मी देवळातल्या गुरवाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो पंचांग बघून म्हणाला, या पंधरवड्यात षष्ठी दोन दिवस होती. कधी कधी एकच तिथी दोन दिवस राहते, ते माझ्या पेरांना कुठून कळणार? मी एक पेर पुढं गेलो होतो. तुझा चांद बरोबर होता. म्हणजे पाचव्या दिवसापासून मला पक्कं ठाऊक होतं. मग मी का नाही बोललो? तांडेलाची तिथी चुकली हे एकदा पसरलं की त्याच्या हाती कुणी होडी देत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. घरात चार तोंडं आहेत असंही सांगितलं. पण खरं कारण पोटाचं नव्हतं, नाकाचं होतं.

तुला मग कुणी होडीवर घेतलं नाही. तू आखातात गेलास, दुसऱ्यांच्या बोटींचे दोर बांधायला. बावीस वर्षं. इरफान तुझ्याशिवाय मोठा झाला. आणि इथं पनवेलात तुझं नाव एका भलत्याच गोष्टीला चिकटलं. शिंप्यानं पोलकं आखूड शिवलं, "हसनची काठी लावली काय?" गवंड्याची भिंत वाकडी, "हसनची काठी!" ज्यांनी तुला बघितलं नाही तीपण म्हणायला लागली. एकदा तर तू परत आल्यावर, तुझ्याच देखत, भाजीवालीनं माप कमी टाकणाऱ्याला म्हटलं. तू तिला विचारलंस, "ताई, कोण हा हसन?" ती म्हणाली, "कोण जाणे, असंल कुणी बावळट." तू मोठ्यानं हसलास. मी भेंडी निवडत होतो. वाकलेला वर झालो नाही.

तरी परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी तू माझ्या शेजारी येऊन बसलास. का बसलास? हे मला तू जिवंत असताना विचारायचं होतं.

त्या लाओसच्या नदीवर दुसऱ्या दिवशी पाणी उथळ झालं. होडी हळू झाली. त्या तांडेलाची बायको पुढं जाऊन उभी राहिली, हातात लांब बांबू. ती तो पाण्यात खुपसायची आणि हात वर करून दाखवायची, इकडं, तिकडं. तो तिच्या हाताकडं बघायचा आणि चाक फिरवायचा. एकदा तिनं दोन्ही हात आडवे केले. त्यानं तिथल्या तिथं इंजिन बंद केलं. विचारलं नाही, ओरडला नाही. होडी मागं आली, दुसऱ्या वाटेनं गेली.

"बघितलंस, तांडेल?" तू म्हणालास.

"बघितलं."

"आता बोल."

"काय बोलू?"

"तुला ठाऊक हाय. इथं आपलं बोलणं कुणाला कळत नाय. सना कानात गाणी घालून बसलीय. गावाला नको सांगू. मालक कधीच मेला. मला एकट्याला ऐकव. एकदा."

तुझ्या आवाजात राग नव्हता. भूक लागलेला माणूस ताट मागतो तसा होता तो आवाज. माझ्या जिभेवर आलं होतं. अल्लाची म्हण, देवाची म्हण, शपथ घेतो, आलं होतं. पण ते ओठाशी आलं आणि तिथं माझा तांडेल आडवा उभा राहिला.

मी म्हणालो, "काठीच चुकली होती."

तू हसलास, हळूच, जसं आपण लहान पोराचं खोटं ऐकून हसतो. केळ्याच्या फण्यातलं एक केळं सोललंस, अर्धं मोडलंस आणि मला दिलंस. मी खाल्लं. त्यानंतर तू गप्प बसला असतास तर बरं झालं असतं. तू बोलत राहिलास. डोंगर बघ, म्हशी बघ, ती बाई कशी पोराला पाठीला बांधून चढते बघ. गावाच्या धक्क्याला उतरताना वाळूचा चढ होता. माझा बोजा तू तुझ्या खांद्यावर घेतलास. संध्याकाळी माझ्या गुडघ्याला तेल लावलंस. आणि ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाहीस. मी मात्र परत आल्यापासून रोज कट्ट्यावर ठरवून यायचो, आज सांगतो. रोज तू उन्हात, मी सावलीत, आणि पाणी उतरून जायचं.

शेवटच्या संध्याकाळी तू उठताना म्हणालास, "उद्या अष्टमी. भरती सहाला. वेळेवर ये." मी वेळेवर आलो. पाणी आलं. तू आला नाहीस.

आता पुढचं सांगतो, जे तुला ठाऊक नाही.

चार दिवसांपूर्वी बंदरावरच्या चहावाल्यानं नवीन ताडपत्री लावली, ती हातभर आखूड पडली. कुणीतरी म्हणालं, "हसनची काठी लावली काय रं?" सगळे हसले, मग त्यांना मी दिसलो आणि गप्प झाले. म्हणणारा उठून जवळ आला, "माफ करा, तांडेल. तोंडातून गेलं."

मी म्हणालो, "माफी माझी नको मागू. आजपासून तांडेलाची बोटं म्हणायचं." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन दिवसांची षष्ठी, बारस, तेरस, मालक, सगळं. अडतीस वर्षं आवळलेली गाठ, वाटलं होतं सुटताना जीव जाईल.

आणि हसन, कुणी विश्वास ठेवला नाही! चहावाला डोळे पुसत म्हणाला, "तांडेल, मन मोठं तुमचं. गेलेल्या दोस्ताचा दोष स्वतःवर घेता." मी ओरडलो, शिव्या दिल्या. जितका ओरडलो तितकं माझं मन मोठं होत गेलं. एकानं मला खुर्ची दिली. ती जागा दाखवावी म्हटलं, तर तो उंचवटा, तो कातळ, सगळं विमानतळाच्या भरावाखाली गेलं. साक्षीला एक तूच होतास.

तसाच इरफानकडं गेलो. त्यालाही सांगितलं. तो माझा हात धरून म्हणाला, "काका, अब्बांच्या मनात तुमच्याबद्दल कधी काही नव्हतं. बसा, चहा घ्या." तोपण मला समजवायला लागला.

सना दारात उभी होती, तुला दादा म्हणणारी. ती म्हणाली, "त्या दिवशी होडीत माझ्या कानात गाणी नव्हती. फोन बंद पडला होता. मी सगळं ऐकलं. दादा तुमच्याकडं मागत होते, आणि तुम्ही म्हणालात, काठीच चुकली होती."

"हो."

"म्हणजे तेव्हाही खोटं बोललात?"

"हो."

"दादांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

माझ्यापुढं ठेवलेला चहा मी अर्धाच प्यायलो होतो. तिनं कप उचलला आणि आत घेऊन गेली. परत आली नाही. इरफान ओशाळला, मी नाही. घरी चालत येताना मला हलकं वाटत होतं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर बरोबर रागावलं होतं. ते तुझ्या रक्ताचं होतं, हे चांगलंच झालं.

तेव्हापासून मी रोज सांगतो. कट्ट्यावर नवीन माणूस बसला की त्याला सांगतो. भाजीवालीला सांगितलं. कुणी हसनची काठी म्हटलं की तिथंच अडवतो आणि अमावस्येपासून सुरू करतो. लोक म्हणतात, दोस्त गेल्यापासून तांडेलाचं डोकं फिरलंय. म्हणू देत. माझा हट्ट तुला ठाऊक आहे. तेरस म्हटली की तेरस. तो हट्ट इतकी वर्षं तुझ्या विरुद्ध उभा होता, आता तुझ्या बाजूनं उभा करतोय. आयुष्य थोडं उरलंय, पण माझ्यासारख्या माणसाला एका वाक्यावर अडून बसायला तेवढं पुरतं.

हे लिहून गावात छापून निघतो त्या अंकाला देणार आहे. अक्षर वाकडं आहे, पण एक शब्द कुणी सरळ करायचा नाही, असं बजावणार आहे.

उद्या पुन्हा अष्टमी. बोटांवर मोजलं नाही, पंचांग वाचून घेतलं, आणि तुझ्या चांदात दोन मिळवूनही बघितले. जुळतंय. भरती सहाला. पाणी बघायला माणसं येतील. मी पाच वाजताच जाऊन बसतो, उन्हाच्या बाजूला.